रिमिनी: रुळांच्या दोन्ही बाजूंनी बघायचं गाव

इटलीला पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या माणसाची यादी ठरलेली असते: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, जमलंच तर पिसाचा मनोरा. एड्रियाटिक समुद्राकाठचं रिमिनी त्या यादीत नसतं. आणि जे जातात ते समुद्रावर चार दिवस लोळून परत येतात, विचारलं तर सांगतात, “छान आहे, पण बीचशिवाय काही नाही.” हे वाक्य ऐकलं की मला कळतं, ह्यांनी रूळ ओलांडलेच नाहीत.

मुंबईकराला रिमिनी समजावणं सोपं आहे. रेल्वेलाइन गावाच्या मधून जाते आणि गावाचे ईस्ट-वेस्ट असे दोन तुकडे करते. फरक एवढाच की इथे समुद्र ईस्टला. त्या बाजूला हॉटेलं, छत्र्या, आइस्क्रीम आणि रात्रभर गाणी. वेस्टला दोन हजार वर्षं जुना पूल, रोमन कमान, एका शल्यचिकित्सकाचं जळालेलं घर आणि हत्तींच्या पाठीवर उभं असलेलं चर्च. दोन्हींत चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं, ते इथे सांगतो.

आधी महिना ठरवा

समुद्रात उतरायचं असेल तर जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलैत गर्दी वाढते आणि ऑगस्टमध्ये निम्मी इटली समुद्रावर येऊन बसते. १५ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन, त्यांचा ‘फेर्रागोस्तो’. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जे होतं, तेच तेव्हा इथे होतं. त्या आठवड्यात खोली शोधू नका.

हिवाळ्यात समुद्राकडची बरीच हॉटेलं बंद असतात, छत्र्या काढलेल्या असतात, धुकं असतं. जुनं गाव बघायला मात्र तो काळ मला आवडतो. फक्त आपल्या तारखांना गावात एखादं मोठं औद्योगिक प्रदर्शन नाही ना, हे बघून घ्या. जानेवारीत जेलातो (इटालियन आइस्क्रीम) आणि मिठाईवाल्यांचं ‘सिजेप’ भरतं, तेव्हा खोल्यांचे भाव ऑगस्टशी स्पर्धा करतात.

पोचायचं कसं

रिमिनीला स्वतःचा विमानतळ आहे, पण आपल्याला सोयीचं बोलोन्या. विमानतळावरून मोनोरेल सात-आठ मिनिटांत बोलोन्याच्या मुख्य स्टेशनवर सोडते. तिथून रिमिनी जलद गाडीने साधारण तासाभरावर, प्रादेशिक गाडीने दीड तासाच्या आसपास. प्रादेशिक गाडी स्वस्त, आणि तिचं आगाऊ आरक्षण करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र घोकून ठेवा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही. गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. ऑनलाइन तिकीट असेल तर बसण्याआधी मोबाइलवर चेक-इन करायचं. मी पहिल्या खेपेला खिशात तिकीट असूनही दंड भरला. तपासनीस अतिशय प्रेमाने बोलत होता, पण पावती फाडायचा थांबला नाही.

राहायचं कुठे

दोन रात्रींसाठी जात असाल तर स्टेशन आणि समुद्र यांच्या मधल्या ‘मरीना चेंत्रो’ भागात राहा, दोन्हीकडे चालत जाता येतं. समुद्राकडची बरीच हॉटेलं घरगुती असतात: आई स्वयंपाकघरात, मुलगा काउंटरवर, आजोबा सकाळी टेबलांवरच्या चादरी झटकताना. वर्षानुवर्षं त्याच हॉटेलात, त्याच आठवड्यात येणारी गिऱ्हाइकं असतात. ‘मेत्सा पेन्सिओने’ म्हणजे न्याहारी आणि एक जेवण. ‘पेन्सिओने कोम्प्लेता’ म्हणजे तिन्ही. शाकाहारी असाल तर फक्त न्याहारी घ्या आणि बाहेर जेवा, नाहीतर चार दिवस टोमॅटोचा पास्ता खाल. गावाचा ‘पर्यटक कर’ बहुतेक वेळा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, तो शेवटी वेगळा मागतात. त्यावरून वाद घालू नका.

ग्रँड हॉटेलात राहायची ऐपत माझी नाही, पण बागेच्या कुंपणाबाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. १९०८ सालची ही पांढरी इमारत. सिनेदिग्दर्शक फेदेरिको फेलिनी याच गावात २० जानेवारी १९२० रोजी जन्मला. लहानपणी तोही हे हॉटेल असाच बाहेरून बघायचा आणि पुढे ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

पहिली सकाळ: समुद्राकडे पाठ करा

ऊन चढायच्या आत, आठ-साडेआठला निघा. स्टेशनवरून जुन्या गावाच्या दक्षिण टोकाला, ‘आर्को दाउगुस्तो’कडे चालत जा. इसवी सनपूर्व २७ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ उभारलेली ही कमान, आज उभ्या असलेल्या रोमन कमानींत सर्वांत जुनी मानली जाते. रोमहून निघालेला व्हिया फ्लामिनिया हा रस्ता इथे संपतो. कमान इतकी रुंद आहे की तिला दार बसवणं शक्यच नव्हतं. लढाया संपल्या, आता वेशीला दार लावायची गरज नाही, असं त्यातून सांगायचं होतं म्हणतात. वरचे तटबंदीचे दात मात्र मध्ययुगातले, तेव्हा पुन्हा गरज पडली असणार.

कमानीतून आत शिरलात की सरळ ‘कोर्सो दाउगुस्तो’. हा जुन्या गावाचा कणा. चुकायची सोय नाही, नाकासमोर चालत राहायचं. पाचेक मिनिटांत ‘पिआत्सा त्रे मार्तीरी’ हा चौक लागतो. रोमन काळात इथे फोरम, म्हणजे गावाचा सभा-बाजाराचा चौक होता. इसवी सनपूर्व ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडून आलेल्या सीझरने इथेच सैन्यापुढे भाषण केलं अशी परंपरा आहे. चौकाचं आजचं नाव मात्र सीझरशी संबंधित नाही. १६ ऑगस्ट १९४४ रोजी इथे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या तीन तरुण प्रतिकार-सैनिकांना फाशी दिलं, त्यांच्या स्मरणार्थ ‘तीन हुतात्मे’.

चौकातून समुद्राच्या दिशेने वळलात की ‘टेम्पिओ मालातेस्तियानो’. इथे घाई करू नका.

हे मूळचं फ्रान्सिस्कन पंथाचं साधं चर्च. पंधराव्या शतकात रिमिनीचा सत्ताधीश होता सिजिस्मोंदो मालातेस्ता, पेशाने भाडोत्री सेनापती. त्याने १४५० च्या सुमारास वास्तुकार आल्बेर्तीला बोलावलं आणि जुन्या चर्चवर संगमरवराचा नवा अंगरखा चढवायला सांगितलं. समोरची बाजू बघा: आत्ताच पाहिलेली ऑगस्टसची कमान इथे पुन्हा दिसेल. म्हणूनच मी आधी तिकडे पाठवलं. वर मान केलीत तर काम अर्धवट राहिलेलं कळतं. सिजिस्मोंदोचे दिवस फिरले, पैसा आटला, घुमट झालाच नाही. पोपशी त्याचं इतकं बिनसलं की १४६२ मध्ये दुसऱ्या पायस पोपने रोममध्ये त्याचा पुतळा जाळला.

आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, हे गावाचं कॅथेड्रल आहे. पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं १४५१ चं भित्तिचित्र, जोत्तोचा रंगवलेला क्रूस, हे सगळे मार्गदर्शक दाखवतात. मी सांगेन, आधी खाली बघा. उजवीकडच्या छोट्या प्रार्थनाघरांत खांब काळ्या दगडाच्या हत्तींच्या पाठीवर उभे आहेत. हत्ती हे मालातेस्ता घराण्याचं चिन्ह. त्यांचं लॅटिन ब्रीद होतं, ‘एलेफास इंदुस कुलिचेस नोन तिमेत’, म्हणजे ‘हिंदुस्थानी हत्ती डासांना भीत नाही’. शत्रूंना उद्देशून असलेलं हे वाक्य मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री डास चावलेला हात खाजवत उभा होतो. एड्रियाटिक किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी डास असतात, आणि ते हिंदुस्थानी माणसाला अजिबात भीत नाहीत. ओडोमॉस घरूनच घेऊन जा.

शल्यचिकित्सकाचं घर

तिथून थोडं पुढे ‘पिआत्सा फेर्रारी’. १९८९ मध्ये इथे खोदकाम सुरू झालं आणि खाली एक रोमन घर सापडलं. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर आगीत कोसळलेलं. आतल्या वस्तू राखेखाली जशाच्या तशा राहिल्या होत्या, त्यांत दीडशेहून अधिक शस्त्रक्रियेची हत्यारं. घरमालक वैद्य होता, बहुधा ग्रीक, आणि भिंतीवर कोणी रुग्णाने खरडलेल्या ओळीवरून त्याचं नाव युतिखेस असावं असं मानतात. त्या ओळीत त्याला ‘भला माणूस’ म्हटलंय.

आता हे घर काचेच्या पिंजऱ्यात आहे आणि तुम्ही वरच्या मार्गिकेवरून खाली बघत जाता. मोझेइकच्या फरशीत मधोमध ग्रीक पुराणातला गायक ऑर्फियस, भोवती जनावरं. फरशी एका ठिकाणी खचून खोलगट झालीय, ती जागा लक्षपूर्वक बघा. हत्यारं इथे नाहीत, ती बाजूच्याच ‘म्युझेओ देल्ला चित्ता’त. तिकीट दोन्हींना मिळून एकच असतं. चिमटे, सुऱ्या, दात उपटायची पक्कड, अंगात रुतलेलं बाणाचं टोक बाहेर काढायचं खास साधन, सगळं ओळीने मांडलेलं. माझ्या डॉक्टर मेहुणीने तिथे पाऊण तास घालवला आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “हॅंडल आमच्यापेक्षा चांगली आहेत.” सोमवारी संग्रहालय सहसा बंद असतं, त्यामुळे सोमवारी जुन्या गावाचा बेत आखू नका.

चौक, किल्ला, पूल

परत कोर्सोवर या. पुढचा चौक ‘पिआत्सा कावूर’. मध्ये पाइनच्या फळाच्या आकाराचं टोक असलेलं कारंजं, शतकानुशतकं गाव याच पाण्यावर जगलं. शेजारी पोप पाचवा पॉल बसलाय. त्याची गोष्ट मजेदार आहे. नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा पोपचा पुतळा फुटणार हे उघड होतं, म्हणून गावकऱ्यांनी त्याला गावाचा संरक्षक संत गाउदेन्झो करून टाकलं आणि तो वाचला. कोपऱ्यात १७४७ ची जुनी मासळीबाजाराची इमारत. मासे मांडायचे दगडी कट्टे अजून आहेत, पण आता संध्याकाळी त्यांवर वाइनचे ग्लास असतात. समोरचं गाल्ली थिएटर १८५७ मध्ये व्हेर्दीच्या ऑपेराने उघडलं, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि थेट २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालं.

थिएटरच्या मागे सिजिस्मोंदोचा किल्ला, ‘कास्तेल सिस्मोंदो’. आत २०२१ पासून फेलिनी संग्रहालय आहे. त्याचे चित्रपट पाहिले असतील तर दोन तास द्या. नसतील तर बाहेरच्या मैदानातल्या पाण्याच्या पातळ थरात पाय बुडवा आणि पुढे चला, लहान मुलांना तेच जास्त आवडतं. फेलिनीने ‘आमारकोर्द’मध्ये हे गाव जगाला दाखवलं असं सगळे म्हणतात, पण त्याचं चित्रण बहुतांश रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत झालं. नावाचा अर्थ इथल्या बोलीत ‘मला आठवतं’. तेव्हा ‘सिनेमातली ती जागा कुठे?’ असं विचारत फिरण्यात अर्थ नाही.

कोर्सोच्या शेवटी तिबेरियसचा पूल. पाच कमानी, इस्त्रियाचा पांढरा दगड. ऑगस्टसच्या काळात इसवी सन १४ मध्ये काम सुरू, तिबेरियसच्या काळात २१ मध्ये पूर्ण. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी तो उडवायचा प्रयत्न केला, उडाला नाही. अगदी परवापरवापर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या, आता फक्त माणसं आणि सायकली. मधोमध थांबून कठड्यावर हात ठेवा, दगड चक्क गुळगुळीत झालेत. रोमपासून आलेला रस्ता कमानीपाशी संपला होता. इथून दुसरा, व्हिया एमिलिया, इसवी सनपूर्व १८७ मध्ये पिआचेन्झाकडे निघाला, आणि आजही तो वापरात आहे.

पूल ओलांडला की बोर्गो सान जुलिआनो, जुनी कोळीवस्ती. ठेंगणी रंगीत घरं, गल्ल्या दोन माणसं शेजारून जातील एवढ्याच, भिंतींवर फेलिनीच्या पात्रांची चित्रं. आता इथे भाडी चढलीत आणि कोळ्यांपेक्षा रेस्तराँ जास्त झालीत. आपल्या वर्सोवा-वरळीच्या कोळीवाड्यांचं काय होतंय हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको.

खायचं काय

एव्हाना दीड वाजला असेल. जेवण अडीचच्या आत उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट साडेसातला उघडतात. रेस्तराँच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लावतात. ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचे पैसे आहेत.

पण पहिलं जेवण पिआदिनाच्या टपरीवर करा. पिआदिना ही रोमान्या भागाची पोळी: मैदा, मीठ, पाणी आणि चरबी, जाड तव्यावर भाजलेली. रिमिनीची पातळ आणि मोठी, उत्तरेकडच्या गावांतली लहान आणि जाड. पुलाजवळच्या टपरीवर मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो. बाई गोळा लाटते, तव्यावर टाकते, आणि फुगा आला रे आला की काट्याने टोचून फोडते. पुन्हा आला, पुन्हा फोडते. टम्म फुगलेल्या पोळीवर अख्ख्या सुगरणपणाची परीक्षा घेणाऱ्या घरातला मी, मला ते बघवेना. पण फुगे फोडल्यामुळे तिच्यावर तपकिरी ठिपके पडतात आणि ती दुमडली तरी मोडत नाही.

शाकाहाऱ्यांनी नीट ऐका. पारंपरिक पिआदिनात ‘स्त्रुत्तो’ असतं, म्हणजे डुकराची चरबी. नुसतं “मांस नको” म्हटल्याने ती जात नाही, कारण ती कणकेतच आहे. “आल्लोलिओ?” असं विचारा, म्हणजे तेलातली. बऱ्याच टपऱ्यांवर ती मिळते. आत ‘स्क्वाक्वेरोने’ हे सैलसर ताजं चीज आणि रुकोलाची कडसर पानं. दुसरा पर्याय ‘कास्सोने’: तीच पोळी, आत शिजवलेली पालेभाजी भरून, कडा दाबून भाजलेली. कट्टर शाकाहारी असाल तर हेही लक्षात घ्या की पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या द्रव्याने) बनतं, आणि ते इथे जवळजवळ सगळ्यावर किसून घालतात.

मासे खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही. ‘ब्रोदेत्तो’ मागा, निरनिराळ्या माशांचं टोमॅटोतलं कालवण. नारळ नाही, तिखट जवळपास नाही, तरी भातावाचून जीव तळमळतो.

आता समुद्र

रिमिनीचा किनारा सुमारे १५ किलोमीटर, वाळू बारीक, पाणी उथळ. कमरेएवढं पाणी लागायला बरंच चालावं लागतं, म्हणून मुलं घेऊन येणाऱ्यांचं हे आवडतं ठिकाण. समुद्रस्नानाची सोय करणारा इथला पहिला उद्योग १८४३ चा. आज अख्खा किनारा ‘बान्यो’ नावाच्या पट्ट्यांत वाटलेला आहे आणि त्यांना बंदरापासून दक्षिणेकडे क्रमांक दिलेत. लोक पत्ता सांगताना रस्ता सांगत नाहीत, “बान्यो सव्वीसला भेटू” म्हणतात.

बान्योत जाऊन छत्री (‘ओम्ब्रेल्लोने’) आणि खाट (‘लेत्तीनो’) भाड्याने घ्यायची. पाण्यालगतची पहिली रांग महाग, मागे जाल तसा दर उतरतो. मी पहिल्या दिवशी हौसेने पहिली रांग घेतली आणि पैसे मोजून झाल्यावर कळलं की दुपारनंतरचा दर वेगळा, कमी असतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं उत्तर मिळालं. तेव्हा विचारा. हॉटेलचा एखाद्या बान्योशी करार असतो, तिथे सवलत मिळते.

पैसे द्यायचे नसतील तर मोफत किनारा, ‘स्पिआज्जा लीबेरा’ शोधा. बंदराजवळ पिआत्साले बोस्कोविचपाशी एक आहे. पाण्याच्या कडेची पट्टी सगळीकडे सार्वजनिक असते, तिच्यावरून कुठूनही कुठेही चालत जाता येतं. फक्त तिथे चटई अंथरून बसायचं नाही.

झेंड्यांकडे लक्ष ठेवा. पांढरा म्हणजे जीवरक्षक हजर, पोहायला हरकत नाही. लाल म्हणजे पाण्यात उतरू नका. आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्या विक्रेत्याकडून बनावट ब्रँडची पर्स घेऊ नका, दंड विकणाऱ्याला होतो तसा घेणाऱ्यालाही होतो.

एक दिवस तरी पहाटे साडेपाचला धक्क्यावर जा. आपण कोकणातली माणसं सूर्य समुद्रात बुडताना बघून वाढलेली. इथे तो समुद्रातून वर येतो, आणि मेंदू क्षणभर म्हणतो, काहीतरी उलटं चाललंय. त्या वेळी किनाऱ्यावर फक्त बान्यिनो, म्हणजे बान्योचा रखवालदार असतो, दंताळं घेऊन रात्रीचे पायांचे ठसे पुसत.

हातात आणखी दिवस असतील तर

सान मारीनो हा वेगळा देश रिमिनी स्टेशनसमोरून सुटणाऱ्या बसने तासाभराच्या आत. सीमेवर तपासणी नाही. डोंगरमाथ्यावर तीन बुरूज, वारा, आणि पैसे देऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का. बुरूज बघावेत, दुकानं टाळावीत. मोझेइकची आवड असेल तर त्यापेक्षा राव्हेन्ना गाठा, रेल्वेने साधारण तासभर.

आणि एक जागा कोणत्याही पर्यटन-पत्रकात नसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या शरदात, या भागात भारतीय सैन्याच्या तुकड्या लढत होत्या. रिमिनीहून सान मारीनोला जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा सैनिकांची दफनभूमी आहे, सहाशेहून अधिक थडगी. बोलोन्याच्या वाटेवर फोर्लीला भारतीय सैन्याची वेगळी स्मशानभूमी आणि दहन झालेल्या जवानांचं स्मारक आहे. प्रादेशिक गाडीने जाऊन अर्ध्या दिवसात परत येता येतं.

तेही जमलं नाही तर परतीच्या गाडीत खिडकीशी बसा. फाएन्झा स्टेशन गेलं की पुढच्या कास्तेल बोलोन्येसेच्या अलीकडे गाडी सेनिओ नदी ओलांडते. दोन्ही काठांना उंच मातीचे बांध, मधे अरुंद पाणी. ९ एप्रिल १९४५ रोजी या नदीवर, खालच्या अंगाला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातला तरुण दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे घेऊन आला. मग परत जाऊन त्याने मशीनगनची ठाणी मोडली, बांधावर उभा राहिला आणि मराठ्यांची आरोळी देत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पूल लहान आहे, गाडी वेगात असते, मोबाइल काढेपर्यंत नदी मागे गेलेली असते.